डोंगराकडचा सेन्सर

तुम्ही शेवटचं कधी कुणाचं नाव घेऊन "हाच जबाबदार" असं म्हणालात? आणि त्या क्षणी कुणी तुमचं मनगट धरून "नेमकं कुठं बिघडलंय, बोट ठेव" असं म्हटलं असतं, तर तुम्ही बोट कुठं ठेवलं असतं?

हा प्रश्न माझा नाही. तो पदूदादांचा आहे. कामण रस्त्यावर त्यांचं गॅरेज होतं, आणि हा प्रश्न ते गाडीच्या मालकांना विचारायचे. मला विचारला तेव्हा माझ्याकडे गाडी नव्हती. माझ्याकडे पत्रकांचा गठ्ठा होता.

मी पत्रकांच्या घरात वाढले. वडील युनियनचे. आमच्या विरारच्या दोन खोल्यांत पलंगाखाली सामान कमी आणि न वाटलेली पत्रकं जास्त. मी अक्षरं ओळखायला शिकले ती "बंधूंनो आणि भगिनींनो" वरून, आणि उद्गारचिन्ह मला पूर्णविरामाच्या आधी भेटलं. बाविसाव्या वर्षापर्यंत मी स्वतःची पत्रकं काढू लागले होते. पाणी, रस्ता, कचरा, दगडखाणींची धूळ, जे दिसेल त्यावर. कामण नाक्यावर वाटायला उभी असताना एकदा तेलकट हातांचा, उंच, वाकलेला म्हातारा समोर आला. पत्रक घेतलं, अंगठा आणि बोटात धरून चुरगाळून पाहिलं आणि म्हणाला, "कागद चांगला हाय. अजून पाच दे."

मी हरखले. पाच मागणारा वाचक मला तोवर भेटला नव्हता. पुढच्या आठवड्यात त्यांच्या गॅरेजवरून जाताना पाहिलं, तर माझ्या पाचही पत्रकांवर नट-बोल्ट मांडून ठेवले होते. एकेका बोल्टाभोवती तेलाचं वर्तुळ.

"तेल बरा पितो तुझा कागद," पदूदादा म्हणाले. "वाचला पन मी. रागावू नको, पत्रकबाय."

तेव्हापासून मी पत्रकबाय झाले.

गॅरेज म्हणजे त्यांचं खळं. पूर्वी तिथे भात झोडायचे. मागे खाडीपर्यंत उतरत गेलेली शेतं, त्यातला एक तुकडा ते अजून लावायचे, आणि लावणीच्या दिवसांत फाटकावर पाटी असायची: "लावनी चालू. गाडी ढकलत न्या." गिऱ्हाईकं चिडायची आणि ढकलत न्यायची. फाटक एकच, रस्त्याच्या अंगाला. आत येणारी प्रत्येक गाडी तोंड खाडीकडे करूनच उभी राहायची. त्यामुळे पदूदादांच्या तोंडी इंजिनाच्या बाजूंना डावं-उजवं, पुढचं-मागचं अशी नावं नव्हती. बोल्ट "उगवतीचा" असायचा, पाइप "मावळतीचा". पुढचं ते सगळं "खाडीकडचं" आणि मागचं ते "डोंगराकडचं".

मी एकदा हसले, तर पाना खाली ठेवून म्हणाले, "डावा म्हनशील, तर कोनाचा डावा? माझा का तुझा? मी गाडीखाली निजलो का डावा-उजवा फिरतो. डोंगर कूस बदलत नाय."

दुसरी सवय बोटाची. कुठलाही भाग बदलण्याआधी मालकाला तिथे बोट ठेवायला लावायचे. कडक इस्त्रीचे शर्ट घातलेले लोक बाह्या सरसावून, तोंड वाकडं करून इंजिनात हात घालायचे. "मी बदलनार हाय तो भाग तुला ठाव पायजे. नायतर मी उद्या काय पन बदलीन नि काय पन सांगीन." आपल्या धंद्यावर स्वतःहून पहारा बसवणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

एकदा एक जण मोबाइलएवढं यंत्र घेऊन आला. गाडीला जोडलं की बिघाड कुठला ते पडद्यावर लिहून येतं. त्यावर कॅमशाफ्ट सेन्सर असं येत होतं. दोन गॅरेजांत दोनदा नवा सेन्सर बसवून झाला होता, तरी गाडी रडतच होती. पदूदादांनी यंत्राकडे आदराने पाहिलं.

"मशीन खोटा नाय बोलत. पन मशीन गाव सांगतो, घर नाय सांगत."

मग वायरीवरून बोट फिरवत गेले. सेन्सरपासून वीतभर अंतरावर बोट थांबलं. उंदराने कुरतडलेली जागा. "ठेव बोट," म्हणाले.

कॅमशाफ्ट म्हणजे काय ते मला त्यांच्याकडूनच कळलं. इंजिनात वरच्या अंगाला एक दांडा फिरतो, तो झडपा उघडतो-मिटतो. तो फिरता फिरता कुठवर आलाय ते सेन्सर सांगतो आणि त्याप्रमाणे पेट्रोलाची फुंकर योग्य वेळी पडते. सेन्सर मुका झाला की इंजिन नुसतं घुरघुरतं, पेट घेत नाही. आणि तो अंगठ्याएवढा असतो. एक बोल्ट, तीन वायरी, पाइपांच्या आड लपलेला. "डोळ्याला नाय दिसायचा," पदूदादा म्हणायचे. "वरचा दांडा शोध, त्याचा शेवट शोध, मग बोटाला तीन वायरी लागतील."

मी हे ऐकत असे, पण मला ते गाडीपुरतं वाटे. माझं पाण्याचं पत्रक वाचून त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला होता. मथळा होता, "प्रशासन झोपलं आहे काय!" पदूदादांनी विचारलं, "कुटं झोपलाय? खाट दाखव."

मी फणकारून निघून आले. गॅरेजवाल्याला लोकलढ्यातलं काय कळतं, असं वाटेत स्वतःशी बोलल्याचं आठवतं. लाज वाटते, म्हणून लिहून ठेवते.

आता व्हॅनची गोष्ट.

आमच्या भागातल्या सोसायट्यांनी मिळून डायलिसिसच्या रुग्णांसाठी एक जुनी व्हॅन घेतली होती. आठवड्यातून तीन दिवस ती चार-पाच रुग्णांना ठाण्याच्या वाटेवरच्या एका रुग्णालयात न्यायची. सवलत तिथे मिळत होती. व्हॅन चालवायच्या लताताई. त्याआधी त्यांनी नालासोपाऱ्यात दहा वर्षं रिक्षा चालवली होती. त्या व्हॅनच्या पगारावर त्यांचं घर चालत होतं. समितीचं सारं लिखाण अर्थातच माझ्याकडे.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात व्हॅन रस्त्यात बंद पडू लागली. रोज नाही, कधीतरीच. पेट्रोलही जास्त लागायला लागलं. समितीने गाडी दोनदा एका मोठ्या वर्कशॉपला नेली. तिथे ढकलत पोचेपर्यंत इंजिन निवायचं आणि ते लोक किल्ली फिरवायचे तर गाडी पहिल्या झटक्यात सुरू. "गाडीत काही नाही, ड्रायव्हरकडे बघा," असं सांगून त्यांनी परत पाठवली.

आम्ही ड्रायव्हरकडे बघितलं. मी सगळ्यांत आधी. एका बैठकीत कुणीतरी म्हणालं की बाई पेट्रोल काढून विकत असेल आणि गाडी मुद्दाम थांबवत असेल. मी पुरावा विचारला नाही. मला मथळा सुचला होता. पिवळ्या कागदावर तीनशे प्रती: "रुग्णांच्या वाटचं पेट्रोल कोण पितं?" खाली लताताईंचं पूर्ण नाव. त्यापुढे तीन उद्गारचिन्हं.

गुरुवारी मी ती घरोघर टाकली. रविवारी समितीची बैठक होती, त्यात लताताईंना काढायचं हे जवळजवळ ठरलं होतं. शुक्रवारी त्या माझ्या दारात आल्या. मी भांडणाच्या तयारीत होते. त्या आत आल्याच नाहीत.

"उद्याची ट्रिप तू माझ्या बाजूला बसून कर. मग काय लिहायचं ते लिही."

शनिवारी मी पुढे बसले. मागे चार जण, त्यांत वसईच्या फिलूमावशी. जीभ त्यांची कात्रीसारखी. माझं पत्रक त्यांनी वाचलेलं होतं. "आज पेट्रोल पिणारीण नि पत्रक लिहिणारीण शेजारी शेजारी बसल्यात," त्या मागच्यांना म्हणाल्या. "मी तर रोझरीची माळच काढून ठेवते."

चिंचोटीला रस्ता तुंबला होता. धबधब्याला निघालेल्यांना पोलीस परत वळवत होते आणि वळणाऱ्या गाड्यांनी सगळं अडवून धरलं होतं. अर्धा तास आम्ही पावलापावलाने सरकत होतो. सीटखालून गरम वाफ येत होती, कारण त्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखालीच असतं. आणि मग व्हॅन बंद पडली.

लताताईंनी किल्ली फिरवली. घुर्र, घुर्र, घुर्र. पेट नाही. मी त्यांच्या हातांकडे बघत होते. ते हात काहीही चोरून करत नव्हते. ते नुसती किल्ली फिरवत होते.

"अगो बाय," मागून फिलूमावशी, "ह्या पोरीचं पत्रक इंजिनानं पण वाचलं की काय?"

कुणी हसलं नाही. अकराची पाळी होती. ती चुकली तर त्या दिवशी मशीन मिळेल याची खात्री नव्हती, आणि मागच्या एका काकांचे पाय आधीच सुजलेले होते. आजूबाजूच्या पोरांनी ढकलून व्हॅन धबधब्याकडे जाणाऱ्या फाट्यावर, वाटेतून बाजूला लावून दिली. मी पदूदादांना फोन लावला.

"इंजिन फिरतो पन पेटत नाय? किती वेल गरम होता?"

"अर्धा तास."

"मी निघालोच. तवर सीट उचल. डोंगराकडचा सेन्सर शोध. त्याच्यावर ओला फडका ठेव, निवू दे. बाकी कशाला हात नको लावू."

लताताईंनी सीट उचलली. मी वाकून पाहिलं. डोंगर समोरच होता, पावसाने हिरवागार. मी डोंगराकडच्या टोकाला हात घातला. खाली एक सेन्सर सापडलाही, तीन वायरींचा. मी त्यावर ओला फडका दाबून धरला. दहा मिनिटं. किल्ली फिरवली. घुर्र, घुर्र. पुन्हा फडका. पुन्हा घुर्र. काकांनी डोळे मिटून घेतले होते. लताताई म्हणाल्या, "झालं. माझी नोकरी गेली समज."

पदूदादा जुन्या स्कूटरवरून, तुंबलेल्या गाड्यांच्या फटींतून आले. उतरले, व्हॅनकडे पाहिलं, डोंगराकडे पाहिलं, माझ्या हातातल्या फडक्याकडे पाहिलं. आणि कपाळावर हात मारला.

"गाडीचा तोंड डोंगराकडं!"

मला कळेना.

"माझ्या खल्यात तोंड खाडीकडं असतो गो! मी डोंगराकडचा म्हनलो म्हंजे मागचा. तू पुढचा धरून बसलीस. तू बरोबर धरलास, मी चूक सांगितला." मग वळून, मागच्या सीटवरच्या चौघांना हात जोडून, जरा मोठ्याने म्हणाले, "चूक माझी हाय. तुमचा वेल माझ्यामुलं गेला."

एवढं बोलून ते कामाला लागले. त्यांच्यासाठी ती मोठी गोष्ट नव्हतीच. चाळीस वर्षं बोलत आलेला शब्द एका ठिकाणी चुकला, तर त्यांनी चूक शोधली, ती स्वतःत सापडली, तिच्यावर बोट ठेवलं. अर्धं मिनिट लागलं असेल. आणि मी तिथे ओला फडका धरून उभी होते. माझी तीनशे पिवळी पत्रकं घराघरांत पडलेली होती आणि त्यांतला शब्द न् शब्द मी न शोधता लिहिला होता.

पदूदादांनी मागच्या टोकाला, एका पाइपाच्या आड, न बघता हात घातला. "ये. बोट ठेव."

मी ठेवलं. एक बोल्ट, तीन वायरी. चटका बसला.

ओला फडका. पाच मिनिटं. लताताईंनी किल्ली फिरवली आणि व्हॅन सुरू झाली. फिलूमावशींनी छातीवर क्रूसाची खूण केली. अकराची पाळी चुकली होती, पण बाराच्या पाळीत त्यांना घेतलं.

मी तिथल्या तिथे लताताईंची माफी मागायला गेले, तर पदूदादांनी अडवलं. "थांब. अजून मना गावच कल्लाय. घर नाय."

रविवारी ते समितीला खळ्यात घेऊन आले. व्हॅन तोंड खाडीकडे करून उभी. सीट उचललेली. इंजिन चालू होतं. पदूदादांनी आतून सुनेचा केस वाळवायचा ड्रायर आणला. सून दारातून ओरडली, "बाबा, तेल लागलं तर नवा आणून द्यावा लागेल हां!" त्यांनी ड्रायरचा गरम झोत त्या एकट्या सेन्सरवर धरला. थोड्या वेळाने इंजिन आचके देऊन बंद पडलं. ओला फडका ठेवला, निवू दिलं. सुरू झालं. पुन्हा गरम, पुन्हा बंद. पुन्हा गार, पुन्हा चालू. तिसऱ्या वेळी ड्रायर समितीच्या अध्यक्षांच्या हातात दिला. "तुम्ही करा. माझ्यावर नका इश्वास ठेवू." वायरी हलवून दाखवल्या, त्या धड होत्या. मग म्हणाले, "आता म्हनतो. सेन्सर गेलाय. तापला का मुका होतो. वर्कशॉपला पोचेस्तवर निवतो, म्हनून त्यांना नाय गावला. पेट्रोल पन त्याच्यामुलंच जास्त लागला."

एकेकाला बोट ठेवायला लावलं. सगळ्यात शेवटी लताताईंना. त्यांनी बोट ठेवलं आणि तसंच ठेवून राहिल्या. ज्या दोषाबद्दल त्यांना चोर ठरवलं होतं, तो इतके दिवस त्यांच्याच सीटखाली होता.

नवा सेन्सर बसला. लताताईंची नोकरी राहिली. लोक पांगल्यावर पदूदादा हात पुसत माझ्याकडे आले.

"गाडीचा बदलला. तुझा पत्रक कोन बदलनार?"

"मी दुसरं काढते. जाहीर माफी. मोठ्या टायपात."

लताताई मागेच उभ्या होत्या. "नको. दुसरं कोण वाचतं? माझ्या पोरीच्या शाळेत तुझं पिवळं पान फिरलंय. ती दोन दिवस शाळेत गेली नाही. तू ते परत आण. टाकलंस तशी घरोघर जा आणि परत आण."

मी पदूदादांकडे बघितलं. वाटलं, ते म्हातारपणाने काहीतरी मधलं सांगतील. ते म्हणाले, "बराबर बोलली ती. भाग जिथं बसवला तिथनंच काढायचा असतो."

मी गेले. आयुष्यात इतकी दारं मी कधी वाजवली नव्हती. पत्रक टाकताना दार वाजवावं लागत नाही, फटीतून सरकवलं की झालं. परत मागताना माणसाच्या डोळ्यांत बघून "मी खोटं लिहिलं होतं, ते द्या" असं म्हणावं लागतं. कुणी हसले, कुणी दार लावून घेतलं. एका आजींनी ते डब्याच्या तळाला घातलं होतं, तो डबा रिकामा करून दिलं. महिना-दीड महिना लागला. दोनशे अठ्ठ्याऐंशी परत आली. तेवढी मी नेऊन लताताईंच्या हातात दिली. त्यांनी मोजली नाहीत. चहा टाकला.

त्यानंतरची माझी पत्रकं तुमच्यापैकी काहींनी वाचली असतील. पाण्याचं पुन्हा लिहिलं. त्यात "प्रशासन" हा शब्द नव्हता. चौथ्या गल्लीच्या तोंडाशी, शाळेच्या भिंतीलगत, झाकण नसलेला व्हॉल्व्ह कोण बंद करतो आणि किती वाजता, एवढंच होतं. मी तिथे तीन दिवस सकाळी उभी राहून पाहिलं होतं. तो व्हॉल्व्ह आठवड्याभरात दुरुस्त झाला. ते पत्रक पदूदादांनी बोल्टाखाली घातलं नाही. खिळ्याला अडकवून ठेवलं. माझ्या लिखाणाला मिळालेलं मोठं बक्षीस म्हणून मला तो खिळा आठवतो. मी अजून तेवढीच रागीट आहे, आणि राग सोडायचा माझा विचार नाही. पण राग धरायची जागा मला त्यांनी शिकवली. वडिलांनी मला आवाज दिला आणि पदूदादांनी पत्ता.

मागच्या वर्षी त्यांच्या स्वतःच्या मूत्रपिंडांनी हात टेकले. त्याच व्हॅनमधून ते डायलिसिसला जाऊ लागले, लताताईंच्या शेजारी, पुढच्या सीटवर. इतर कुठं बसायला तयार नसत. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते असंच. व्हॅन आमच्या तळ्याच्या कोपऱ्यावर थांबली होती. ते खूप वाळले होते, पण उजवा तळवा सीटवर सपाट टेकलेला होता. खाली इंजिन होतं.

"कसे आहात, दादा?"

"मी मुका झालोय तापून," ते म्हणाले. "माझा सेन्सर नाय गावत डॉक्टरला. मशीन गाव सांगतो नुसता."

लताताई म्हणाल्या, "गप बसा हो. सकाळपासून एवढंच चाललंय."

मग त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्या हातात दिला. पिवळा. मधोमध तेलाचं एक वर्तुळ. "माझ्याकडं राहिला होता एक. तू मागितलाच नाय."

खरंच मागितला नव्हता. त्यांच्याकडे असेल असं मला वाटलंच नव्हतं. लताताईंनी किल्ली फिरवली. पहिल्याच झटक्याला व्हॅन सुरू झाली. पदूदादांनी तळवा हलवला नाही, फक्त मान हलवली, जसं दुरुस्ती संपल्यावर हलवायचे. व्हॅन गेली. त्यानंतरच्या लावणीला ते नव्हते.

दोनशे एकोणनव्वद झाली. अकरा अजून बाहेर आहेत.

म्हणून हे लिहिलंय. तुमच्या घरात कुठे, रद्दीत, कपाटातल्या कागदाखाली, देवाच्या फोटोमागे, वहीच्या कव्हराला, पिवळं पान असेल आणि त्यावर "रुग्णांच्या वाटचं पेट्रोल कोण पितं?" असं असेल, तर ते फाडू नका, जाळू नका. मंगळवारी, गुरुवारी किंवा शनिवारी सकाळी तळ्याच्या कोपऱ्यावर या. व्हॅन तिथे थांबते. माझ्याकडे देऊ नका. ड्रायव्हरच्या खिडकीशी जा आणि ते लताताईंच्या हातात द्या.